इंगाचा उजवा हातमोजा

डॅग्नी हॅल्डॉर्सन दगड सोडायच्या आधी रिकाम्या घराकडे बघून मान हलवते, हे सगळ्यांत आधी डार्काच्या लक्षात आलं. डार्काच्या लक्षात काय येत नाही म्हणा! कुणाच्या ताटात बटाट्याच्या उकडलेल्या पिरोगी उरल्या, कुणाचा ट्रक कुणाच्या दारात उभा होता, सगळं त्या पोरीला ठाऊक. पण ही गोष्ट तिनं कितीतरी सामने पोटात ठेवली. आणि डार्का ह्नातियूकनं एखादी गोष्ट पोटात ठेवली म्हणजे ती साधी नाही, हे आमच्या फोर्क क्रीकमध्ये शेंबडं पोरही सांगेल.

घर म्हणजे राहायचं घर नव्हे. बर्फाच्या लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना वर्तुळं रंगवलेली असतात, त्यांना आम्ही घर म्हणतो. या टोकाहून मूठ लावलेला जड, गुळगुळीत दगड सोडायचा, तो सरकत, शेवटी हळूच वळण घेत त्या टोकाच्या घरात जाऊन बसला पाहिजे. तो किती वळेल याचा अंदाज घेऊन घरात उभी असलेली खेळाडू बर्फावर ब्रश टेकवते, की इथं बघून सोड. मधल्या दोघी, दगड लांब सरकावा म्हणून, त्याच्यापुढं बर्फ घासत धावतात. म्हणजे कर्लिंग हा खेळ चौघींचा. डॅग्नीच्या संघात तिघीच. तिची पाळी आली की मायर्ना आणि डार्का घासायला, डॅग्नी दगड सोडायला, आणि समोर घरात कुणी नाही.

त्या कुणी-नाहीकडे बघून ही मान हलवायची. आणि दगड असा जायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

चौथी होती. चौथी नव्हे, पहिलीच म्हणा. इंगा, डॅग्नीची मोठी बहीण, संघाची कप्तान. मागच्या फेब्रुवारीत आम्ही तिला पुरली. पुरली म्हणजे तरी काय, आमच्याकडची जमीन फेब्रुवारीत कुदळ लावून घेत नाही. पेटी मे महिन्यापर्यंत चर्चमागच्या खोलीत ठेवावी लागली. तेवढे महिने डॅग्नी शाळेत जाताना रस्ता बदलून जायची.

आता मूळ गोष्ट सांगायची तर आधी हात मिळवण्याचं सांगायला हवं. आमच्या गावात दोन चर्चं. आइसलँडवाल्यांचं वेगळं, युक्रेनवाल्यांचं वेगळं, आणि दोघांचं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं. पण कर्लिंगची शेड एकच. तिथं पोराच्या हातात ब्रश द्यायच्या आधी त्याला हात मिळवायला शिकवतात. सामना संपला की उजवा हातमोजा काढायचा आणि सगळ्यांशी हात मिळवायचा, समोरच्यांशी आणि आपल्यांशीही. ‘छान खेळलीस’ म्हणायचं. अगदी भिकार खेळली असली तरी म्हणायचं! मग सगळ्यांनी एका टेबलाशी बसायचं आणि जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पेय पाजायचं. आपण हरलो हे ज्याला आधीच कळतं तो उरलेले दगड टाकत नाही, हातमोजा काढतो, हात पुढं करतो. झालं, तिथं सामना संपला. आणि जोवर हात मिळवला नाही तोवर संपला नाही, मग फळ्यावर काहीही लिहिलेलं असो. आमच्याकडं बायकोशी भांडलेला माणूससुद्धा शेडमध्ये हात मिळवतो.

मागच्या फेब्रुवारीत शेजारच्या आश्बर्न गावी अंतिम सामना होता. शेवटचा दगड इंगाच्या हातात. घरात ब्रश घेऊन डॅग्नी उभी. त्या कडेचा बर्फ दुपारपासून घासून घासून गुळगुळीत झाला होता, तिथं दगड वळतच नव्हता. डॅग्नीच्या ते ध्यानात आलं नाही. तिनं ब्रश वीतभर बाहेर टेकवला. इंगानं ब्रशवर बरोबर दगड सोडला आणि तो सरळ, कुणाची ओळख नसल्यासारखा, सगळ्यांना ओलांडून निघून गेला.

“ब्रश कुठं धरलायस, अगं!” इंगा पट्टीच्या त्या टोकाहून ओरडली. “डोळे आहेत का बटणं?”

काचेमागं बसलेले सगळे हसले. आश्बर्नची माणसं ती, हसणारच. डॅग्नीचे कान लाल झाले. सतरा वर्षांची पोर, नाकावर राग, आणि जन्मभर ‘इंगाची धाकटी’ म्हणून ओळखली गेलेली.

इंगाचं मात्र असं होतं, की बोलून झालं की हिच्या मनात काही नाही. चालत ती घरापर्यंत आली. उजवा हातमोजा काढून तिनं कडेच्या फळीवर टाकला, आणि पहिला हात बहिणीपुढंच केला. “चल गं, झालं गेलं. छान खेळलीस.”

डॅग्नीनं हातमोजा काढला नाही. हात खिशात घातले आणि तिच्या शेजारून निघून गेली.

आमच्यातले जे होते त्यांनी खाली पाहिलं. शेडमध्ये कुणाच्या थोबाडीत मारली असती तरी एवढं वाईट दिसलं नसतं. इंगा हात तसाच धरून उभी होती. मग तिनं तो आश्बर्नच्या पोरींपुढं केला, हसून. कप्तान होती ना.

फळीवर तो हातमोजा पडलेला होता. लाल लोकरीचा, तळव्याला चामड्याचा तुकडा शिवलेला. जाता जाता डॅग्नीनं तो उचलून आपल्या पिशवीत कोंबला. शोधत बसू दे म्हटलं! बहिणी एकमेकींच्या वस्तू लपवतात, कंगवा लपवतात, डावा बूट लपवतात. तसंच होतं ते. दुसरं काही मनात नव्हतं, हे ती नंतर स्वतःला इतक्यांदा सांगायची की तेच तिला खोटं वाटायला लागलं.

डॅग्नी वडिलांच्या ट्रकमध्ये बसून घरी निघून आली. वडिलांना ती आइसलँडवाल्यांच्या रिवाजानं पब्बी म्हणायची. पब्बीला तिनं सांगितलं की डोकं दुखतंय. हरलेल्यांपैकी कुणीतरी टेबलाशी बसायलाच हवं, म्हणून इंगा मागं राहिली, आणि तासाभरानं आपल्या जुन्या गाडीतून एकटी निघाली. वारा तेवढ्यात उठला. आमच्याकडं असा वारा उठला की आभाळातून बर्फ पडावा लागत नाही, जमिनीवरचाच उडतो आणि स्वतःचा हात दिसत नाही. गाडी चरात गेली. गाडी सोडून चालायचं नाही, हे आम्ही पोरांना हात मिळवण्याच्याही आधी शिकवतो. पण तिला रस्त्याकडेच्या प्रिस्तुपांच्या अंगणातला दिवा दिसला असावा. ती चालत गेली. फाटकापर्यंत पोचलीही. फाटकाला साखळी होती, साखळीवर बर्फ धरला होता. सकाळी प्रिस्तुपा गुरांना चारा टाकायला निघाला तेव्हा ती फाटकाशी बसलेली सापडली. डाव्या हातात हातमोजा होता, उजवा हात उघडा होता.

पुढच्या हिवाळ्यात लोकांना वाटलं, संघ मोडला. डार्काच म्हणाली, “माझी मावसबहीण आहे, जरा मंद आहे पण दगड सोडते बरा. घेऊ या चौथी?”

“चौथी नको,” डॅग्नी म्हणाली. “तिघींनी खेळता येतं. नियमात बसतं.”

नियमात बसतं, खरंय. दर फेरीत मायर्नानं तीन दगड टाकायचे, डार्कानं तीन, कप्तानानं दोन. कुणी आजारी पडलं, कुणाची गाय व्यायली, तर खेळतात माणसं असं एखाददुसरा सामना. अख्खा हिवाळा असं कुणी खेळत नाही. पण पोरीचं दुःख ताजं, कोण कशाला बोलतंय? डॅग्नी कप्तान झाली.

पहिल्याच सामन्यात, पहिला दगड सोडायला ती खाली बसली, पाय खोबणीत रोवला, मान वर केली. घरात इंगा उभी होती.

किंचाळायचं तर सोडाच, डॅग्नीला वाटलं, आली एकदाची! इतकं ते रोजचं दिसत होतं. डावा गुडघा जरा वाकवलेला, डाव्या हातात ब्रश, ब्रश बर्फावर टेकवलेला. केस तसेच, कानामागं न बसणारे. फक्त उजवा हात पुढं केलेला, उघडा. डॅग्नीनं मान हलवली आणि ब्रशवर दगड सोडला. ब्रश जिथं होता तिथूनच गेला दगड, बोटभर इकडं नाही, तिकडं नाही.

त्या दिवसापासून ती हरेना. फोर्क क्रीकच्या तीन पोरी, असं पेपरात छापून आलं. आमच्या दुकानदारानं तो फोटो काचेला चिकटवला. फोटोत तिघी होत्या आणि डॅग्नीच्या डाव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी सोडलेली होती. फोटोवाला म्हणाला, मी कितीदा सांगितलं जवळ सरका म्हणून, पोरी ऐकेनात. आणि गंमत पाहा, ती जागा डॅग्नीनं एकटीनं सोडली नव्हती. तिघीही आपोआप तशाच उभ्या राहिल्या होत्या.

डॅग्नीचा सगळा आठवडा त्या शेवटच्या दोन दगडांसाठी जायचा. शाळा संपली होती, पुढं काय करायचं ते कुणी विचारलं तर ती ऐकू न आल्यासारखं करायची. घरी ताटावर बसायची, खायची नाही. शेडमध्ये एरवी गेली तर इंगा दिसायची नाही, सरावात दिसायची नाही. खराखुरा सामना लागायचा. मग ती कुठंही सामना असला तरी नाव द्यायला लागली. चाळीस मैल, शंभर मैल. मायर्नाची आई कुरकुरायला लागली, की पोरीला घर आहे की नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी ती शेडमध्ये गेली तेव्हा तिचा बाप बर्फावर पाणी शिंपडत होता. एगर्ट हॅल्डॉर्सन तीस वर्षं आमच्या शेडचा बर्फ करतोय, पैसे न घेता. पाठीला कोमट पाण्याची टाकी, हातात झारी, उलटं चालत चालत थेंब टाकायचे, ते गोठून बर्फावर बारीक पुरळ उठतं. त्याच्यावरच दगड चालतो. काम करताना तो बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

“मी एक विचारू, पोरी?” तो मागं मागं सरकत म्हणाला. “आश्बर्नला त्या दिवशी... तिचा हातमोजा कुठं पडला असेल?”

डॅग्नी भिंतीला टेकून उभी होती. पिशवी तिच्या खांद्यावर होती. हातमोजा पिशवीच्या तळाशी होता, तो तिनं कधी बाहेर काढलाच नव्हता.

“बर्फ वितळल्यावर मी गाडीपासून फाटकापर्यंत तीनदा चाललो,” एगर्ट म्हणाला. “चरात उतरलो, कुंपणाच्या तारा बघितल्या. म्हटलं वाऱ्यानं अडकला असेल. आश्बर्नला जाऊन शेडही झाडून काढली. नाही सापडला.” झारी थांबली. “त्या साखळीला आकडाच आहे नुसता. दोन्ही हात शाबूत असते ना, तर सुटली असती. लहान पोर सोडवेल अशी साखळी. या वर्षी वितळलं की परत बघतो.”

“पब्बी, राहू द्या ना ते.”

“काय करू? दुसरं काय करू सांग.”

तिथं सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. तोंड उघडलंही तिनं. पण थेंब गोठायच्या आत पट्टी संपवायला हवी म्हणून एगर्ट पुन्हा मागं सरकायला लागला, आणि ती पिशवी काखेत घट्ट दाबून बाहेर निघून आली.

जानेवारीत तिला एक दिसायला लागलं, जे तिला नको होतं. इंगाचा उघडा हात. आधी तो साधा हात होता. मग बोटांची टोकं पांढरी झाली. पुढच्या सामन्यात बोटं पांढरी, मग तळवा. आमच्याकडं जन्मलेल्या माणसाला तो पांढरा रंग थंडीनं गोठलेल्या मांसाचा, हे सांगावं लागत नाही. चेहरा तोच, हसराच. हात मात्र मेणासारखा होत चालला होता, आणि दर सामन्यात थोडा अधिक पुढं यायचा.

तिघी ब्रँडनला प्रांताच्या स्पर्धेत अंतिम सामन्याला पोचल्या, त्या दिवशी सकाळी, मुक्कामाच्या घरच्या स्वयंपाकघरात, डार्कानं शेवटी तोंड उघडलं. मायर्ना अंघोळीला गेली होती.

“खा,” डार्कानं बशी पुढं सरकवली. “आईनं दिल्यात पिरोगी. तुझी हाडं बघून समोरच्या पोरी घाबरतात, नाहीतर आपण कसल्या जिंकतोय!”

“भूक नाही.”

“बरं. मग सांग, ती काय म्हणते?”

डॅग्नीनं मान वर केली.

“बघू नकोस अशी,” डार्का म्हणाली. “मी घासत येते ना तुझ्या दगडापुढं, घरात शिरले की एका जागी मी वळसा घालते. मायर्नाही घालते. तिला कळतपण नाही तिनं घातला ते. तिथं कुणी उभं असल्याशिवाय माणूस वळसा घालतं का? माझी आजी म्हणते मेलेलं माणूस चाळीस दिवस राहतं, मग जातं. ही वर्ष झालं तरी जाईना. म्हणजे तिचं काहीतरी राहिलंय.”

“काही म्हणत नाही ती,” डॅग्नी हळूच म्हणाली. “हात पुढं करते.”

“मग मिळव की! वेडी आहेस का? एवढंच मागतेय बिचारी!”

“हात मिळवला की सामना संपतो, डार्का.”

डार्कानं पुढं सरकवलेली बशी परत आपल्याकडं ओढली.

“आश्बर्नचा तो सामना संपलेला नाही,” डॅग्नी म्हणाली. “मी हात मिळवला नाही म्हणून. संपला नाही म्हणून ती येते. संपवला तर? मग मला कोण आहे?”

“आम्ही कोण आहोत मग? फळीवरचे ब्रश?” डार्काच्या डोळ्यांत पाणी आलं. “आणि तिचं काय? तिला थंडी वाजत असेल, याचा विचार केलास?”

डॅग्नी उठून बाहेर गेली. पिरोगी तशाच राहिल्या.

अंतिम सामना दुपारी होता. आमचं निम्मं गाव आलं होतं, काचेमागं दाटीवाटीनं बसलं होतं. एगर्ट पुढच्या रांगेत, टोपी मांडीवर. समोरचा संघ विनिपेगच्या पोरींचा, चौघी, सगळ्यांचे स्वेटर सारखे. सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या फेरीत गुण बरोबरीत, त्यांचा एक दगड घराच्या मध्याजवळ, त्याच्यापुढं आडवा एक, आणि शेवटचा दगड डॅग्नीच्या हातात. आडव्याला वळसा घालून त्यांच्या दगडाहून मध्याच्या जवळ जाऊन बसला तर प्रांताचं अजिंक्यपद फोर्क क्रीकचं. नाही तर त्यांचं.

डॅग्नी खाली बसली. पाय रोवला. मान वर केली.

इंगा उभी होती. तिच्याजवळ ब्रश नव्हता.

डावा हात हातमोज्यात, कडेला लोंबत होता. उजवा पुढं केलेला, मनगटाच्या वरपर्यंत पांढरा. ती हसत नव्हती. डॅग्नीनं वाट पाहिली. दाखव ना, ती मनात म्हणाली. एवढाच दाखव. एवढा शेवटचा. इंगानं काही दाखवलं नाही. नुसती उभी होती, आणि तिचा हात थरथरत होता.

ती थंडीनं थरथरते आहे हे डॅग्नीला दिसलं. वर्षभर आपण हिला बर्फावर उभं करून ठेवलंय, हेही त्याच क्षणी तिला दिसलं.

“डार्का!” तिनं हाक मारली. “तू घासू नकोस. तू घरात जा. ब्रश धर.”

काचेमागं कुजबुज झाली. वर्षभरात कधी नाही ते आज, शेवटच्या दगडाला? आणि घासायला एकटी मायर्ना? डार्का गेली. घरात शिरताना तिनं एका जागेला वळसा घातला, त्या जागेच्या शेजारी उभी राहिली, आडव्या दगडाकडं बघितलं, बर्फाकडं बघितलं, ओठ चावला आणि ब्रश टेकवला.

डॅग्नीला तो जरा बाहेर वाटला. त्या कडेनं दुपारभर दगड गेले होते. हात हलवून ती सांगू शकली असती. पण बर्फ डार्काच्या पायाखाली होता, आपल्या नाही. ब्रश धरणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर चौघींनी खेळायचं कशाला? तिनं डार्काकडं बघून मान हलवली, आणि दगड सोडला.

बरोबर ब्रशवर गेला. मायर्ना जीव तोडून घासत होती. आडव्या दगडाला ओलांडला, आता वळणार, आता वळणार म्हणून आम्ही सगळे काचेला नाकं लावून बसलो. वळला नाही. सरळ गेला निघून.

विनिपेगच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. डार्का ब्रश तसाच टेकवून उभी होती, जणू तो उचलला नाही तर दगड परत येईल. डॅग्नी पट्टीवरून चालत तिच्याकडं निघाली. आणि खरं सांगायचं तर, चालताना तिचा तोच जुना राग उसळला. ब्रश कुठं धरलायस, अगं! अगदी जिभेवर आलं. जवळ गेल्यावर तिनं डार्काचे कान पाहिले. लाल झाले होते.

“मी घालवलं,” डार्का म्हणाली. “सगळं मी घालवलं. बोल, काय बोलायचं ते बोल.”

डॅग्नीनं दातांनी ओढून उजवा हातमोजा काढला, बर्फावर टाकला, आणि हात पुढं केला. “चल गं, झालं गेलं. छान खेळलीस.”

शब्द तोंडातून निघाले तेव्हा तिला कळलं, हे कुणाचे आहेत. आणि हेही कळलं, की इंगा हे म्हणाली तेव्हा ती वरवरचं बोलत नव्हती, उपकार करत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. जसं आत्ता आपल्याला वाटतंय. डार्कानं दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि हुंदका दिला.

मायर्नाशी हात मिळवला. विनिपेगच्या चौघींशी मिळवला. मग डॅग्नी परत घराच्या मध्याशी आली. तिथं एक हात राहिला होता.

तिला जाऊ द्यायचं नव्हतं. अजूनही नव्हतं! ती तिथं बराच वेळ उभी राहिली, आणि तिचे ओठ हलले ते आम्हाला काचेतून दिसले. मग तिनं उघडा हात हवेत पुढं केला. धरला. थंडीनं तिचा चेहरा वेडावाकडा झाला, पण सोडला नाही.

“छान खेळलीस, इंगा,” ती म्हणाली. “नेहमीच छान खेळायचीस.”

एवढी मोठी शेड, पण कुणी हसलं नाही. मायर्ना पुढं आली, तिनं त्याच जागी हात केला. मग डार्कानं. मग विनिपेगच्या कप्तानानं, जिला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिनंही हातमोजा काढला आणि हात पुढं केला. रीत म्हणजे रीत. सगळ्या बाजूला झाल्या तेव्हा डॅग्नी घरातून सरळ चालत गेली, त्या जागेवरून, वळसा न घालता. तिथं आता वर्तुळं होती आणि बर्फ होता.

विनिपेगवाल्यांनी कोको पाजला. डॅग्नी शेवटपर्यंत टेबलाशी बसली. कप संपवला, त्यांच्या गमतींना हसली, सगळे उठल्यावर उठली. मग पिशवी घेऊन ट्रककडं गेली. एगर्टनं इंजिन चालू करून ठेवलं होतं. ती आत बसली, दार लावलं, पिशवीच्या तळाशी हात घातला आणि लाल हातमोजा काढून दोघांच्या मध्ये ठेवला.

एगर्टनं तो ओळखायला वेळ लावला नाही.

“माझ्याकडं होता, पब्बी,” ती म्हणाली. “मी लपवला होता. रागानं. म्हटलं शोधत बसेल.”

“मी बसलो शोधत,” एगर्ट म्हणाला.

तिनं माफी मागितली नाही, कारण एवढ्या मोठ्या गोष्टीला तो शब्द कुठं लावायचा ते तिला कळेना. तिला वाटलं तो आता उतरून जाईल, किंवा मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. एगर्टनं हातमोजा उचलला. बोटं सरळ केली, एकेक. तळव्याचा चामड्याचा तुकडा अंगठ्यानं चोळला, तो शिवला त्यानंच होता. मग पुढच्या फळीवर जिथून इंजिनची ऊब वर येते, तिथं त्यानं तो ठेवला, तोंड खाली करून, दोघी लहान असताना रोज सकाळी शाळेत सोडताना त्यांचे ठेवायचा तसा. उबेनं लोकरीची बोटं हळूहळू फुगली, आत हात असल्यासारखी.

“गार पडलाय,” तो म्हणाला. “जरा गरम होऊ दे. मग निघू.”